पिंपाच्या स्मोकरचं तापमान नेमकं कुठे मोजायचं

मागच्या डिसेंबरात घरी अकरा माणसं जेवायला होती. मी दोन अख्ख्या कोंबड्या स्मोकरमध्ये, म्हणजे कोळशाच्या धगीवर आणि धुरावर सावकाश मांस शिजवायच्या पिंपात, लावलेल्या, झाकणावरचा काटा अडीच तास १२० ला चिकटून होता, वरून रंग असा सुंदर आलेला की सगळे फोटो काढत होते, आणि कापल्यावर मांडीच्या हाडापाशी मांस कच्चं. सरळ कच्चं. शेवटी तुकडे करून कढईत टाकले, वर झाकण ठेवलं आणि जेवायला साडेदहा झाले. बायकोने फक्त एवढंच विचारलं, अरे पण काटा तर १२० दाखवत होता ना? माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मला ते फार लागलं, कारण माझं घरच तापमान मोजण्यावर चालतं.

पुण्याजवळ भोसरीला एका हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये मी पंधरा वर्षं आहे. गिअर, शाफ्ट, पिना असला माल भट्टीत जातो. तिथे दारावरचा एक काटा बघून कुणी माल बाहेर काढत नाही, भट्टीत नऊ ठिकाणी थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा) सोडून सर्व्हे होतो, कुठला कोपरा गरम कुठला थंड ते कागदावर येतं, मगच लोड लावतात. आणि घरी मी झाकणातल्या एका काट्यावर अकरा माणसांचं जेवण सोडलं होतं. त्या रात्रीच ठरवलं की पिंपाचा पण सर्व्हे करायचा, भट्टीचा करतो तसाच.

आधी पिंपाबद्दल. धायरीत आमच्या रो-हाऊसच्या मागे पंधरा बाय दहाचं अंगण आहे. स्मोकर म्हणजे २०० लिटरचं लोखंडी पिंप, खाद्यतेलाचं होतं, नऱ्ह्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं. खाली कोळशाची बास्केट, वर साधारण दोन फुटांवर जाळी, तळाशी हवा यायला तीन एल्बो आणि त्यातल्या एकाला बॉल व्हॉल्व्ह, झाकणाला धूर जायला भोकं. वेल्डिंगवाला जीआय पाईप लावत होता, मी एमएस, म्हणजे साधं लोखंडी, लावायला सांगितलं, कारण निखाऱ्याजवळ झिंकचा लेप तापायला नको, त्याचा धूर पोटात जाणं बरं नव्हे. आणि पहिल्यांदा मांस लावायच्या आधी आत दोन तास नुसती लाकडं पेटवून सगळा रंग न् तेल जाळून टाकलं. पिंप कशाचं होतं हे माहीत नसेल तर घेऊच नका, एमआयडीसीतून केमिकलची पिंपं स्वस्तात मिळतात पण ती यासाठी नाहीत.

तर काटा. तो काढून आधी उकळत्या पाण्यात धरला. आता इथे एक गोष्ट, पाणी १०० ला उकळतं हे समुद्रसपाटीचं. पुणं ५६० मीटरवर आहे, आणि साधारण दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एक डिग्री उतरतो, म्हणजे आपल्याकडे पाणी ९८ ला उकळतं. थर्मामीटर ९८ दाखवतोय म्हणून पुण्यात कुणी तो १०० ला सेट करून घेतला तर त्याने चांगला थर्मामीटर बिघडवला. मला हे इतकं आवडलं की पुढच्या रविवारी सिंहगडावर जाताना डिजिटल थर्मामीटर खिशात टाकून नेला, पिठलं-भाकरीवाल्या मावशींना विचारून त्यांच्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरला, साडेपंच्याण्णव. गड १३०० मीटरच्या आसपास आहे, हिशोब बरोबर जुळला. मावशी म्हणाल्या पाण्याला ताप आलाय का? मी त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि त्यांनी ऐकूनही घेतलं, मग म्हणाल्या म्हणूनच आमची डाळ वर शिजत नाही लवकर.

माझ्या झाकणावरच्या काट्याने घरच्या उकळत्या पाण्यात १०६ दाखवलं. म्हणजे ८ डिग्री तिथेच जास्त. बर्फात पण बघायचं असतं, पण नीट, ग्लासभर बारीक कुटलेला बर्फ, फटी भरतील एवढंच पाणी, ढवळत राहायचं आणि टोक तळाला किंवा काचेला टेकू द्यायचं नाही, तेव्हा ० येतं. बर्फाचे दोन खडे टाकलेलं पाणी म्हणजे शून्य नाही, ते चार-पाच पण असू शकतं. (काट्याच्या थर्मामीटरच्या मागे बऱ्याचदा एक नट असतो, तो फिरवून काटा जागेवर आणता येतो. आत दोन वेगळ्या धातूंची पट्टी गुंडाळलेली असते, दोन्ही कमी-जास्त प्रसरण पावतात म्हणून ती पिळते आणि काटा फिरतो, दणके आणि धूर खाऊन ती हळूहळू जागेवरून सरकते.)

पण ८ डिग्रीने कोंबडी कच्ची राहत नाही. म्हणून पुढच्या वेळी जाळीवर, कोंबडीपासून दोन बोटं लांब, एक थर्मोकपल ठेवला आणि झाकण लावलं. झाकणावर १२०, जाळीवर ९३! सत्तावीस डिग्रीचा फरक. त्यातले ८ काट्याचे, उरलेले १९ जागेचे. गरम हवा वर जाऊन झाकणाखाली साठते, आणि मांस फ्रिजमधून आलेलं असतं, त्याच्याभोवतीची हवा पहिला तास-दीड तास ते स्वतःच गार करत असतं. मी झाकणाचं तापमान मोजत होतो आणि कोंबडी जाळीवर होती, एवढंच झालं होतं डिसेंबरात. अमेरिकेतल्या पाककृतीत २२५ ते २५० फॅरनहाइट लिहिलेलं असतं, म्हणजे आपलं १०७ ते १२१, तो आकडा जाळीवरचा, मांसाच्या शेजारचा धरायचा.

प्रोब (तापमान घेणारा दांडा) कुठे ठेवायचा यावरच माझे तीन रविवार गेले आणि ते कारणी लागले असं मी म्हणेन. मांसाला चिकटून ठेवला तर कमी दाखवतो, पिंपाच्या पत्र्याला टेकला तर पत्र्याचं दाखवतो, उघड्या निखाऱ्याच्या बरोबर वर आला तर निखाऱ्याची धग थेट खातो. दोन-तीन इंच अंतर, मांसाच्याच उंचीवर, आणि टोक हवेत मोकळं. टोक जाळीला टेकू नये म्हणून कच्च्या बटाट्यात आडवं भोक पाडून त्यातून प्रोब आरपार काढायचा, टोक दोन इंच बाहेर, याच्यापेक्षा चांगलं स्टँड मला मिळालेलं नाही.

मग सर्व्हे. रिकाम्या जाळीवर नऊ जागा खडूने आखल्या, थर्मोकपल एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत प्रत्येक जागी वीस मिनिटं. बॉल व्हॉल्व्हच्या बाजूची कडा मधल्यापेक्षा १६ डिग्री गरम निघाली. कारण उघड आहे, हवा तिथून येते, तिथले निखारे जास्त फुलतात. आता मी मटणाची जाड बाजू तिकडे करतो आणि नळीची बारीक बाजू उलटीकडे. तुमच्या स्मोकरची गरम बाजू वेगळी असेल, पण एकदा तरी हे करा, एक पोतं कोळसा जाईल आणि पुढची सगळी वर्षं अंदाज करावा लागणार नाही.

मोजणीचं यंत्र घरीच केलं. तापकीर गल्लीत जाऊन एक ईएसपी३२ (वाय-फायवरून फोनला आकडे पाठवणारा छोटा बोर्ड), दोन मॅक्स६६७५ची मॉड्यूलं (थर्मोकपलचं व्होल्टेज वाचणाऱ्या चिप), दोन के-टाइप थर्मोकपल आणि एक छोटा डिस्प्ले घेतला. थर्मोकपलचं तत्त्व सीबेक यांनी १८२१ मध्ये पाहिलेलं, दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडल्या आणि एक टोक तापवलं की किंचित व्होल्टेज येतं. के-टाइपमध्ये ते एका डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे शंभर डिग्रीच्या फरकाला जेमतेम ४ मिलिव्होल्ट. इतकी बारीक गोष्ट असल्यामुळे घोळ पण बारीक-बारीक होतात आणि शॉपमध्ये रोज बघत असल्यामुळे मला ते ओळखता तरी आले. तार कमी पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडायची नाही, के-टाइपचीच वाढवायची, नाहीतर जोड जिथे आहे तिथलं तापमान मोजमापात मिसळतं. उलटी जोडली तर तापवल्यावर आकडा खाली जातो (अमेरिकन कलर कोडमध्ये लाल तार म्हणजे निगेटिव्ह, इथे भलेभले फसतात). दोन्ही प्रोब एकाच लोखंडी जाळीला टेकले की आकडे उड्या मारायला लागले, बटाटा लावला आणि थांबलं. आणि हे सगळं ज्या डबीत बसवलं ती सावलीत, पिंपापासून लांब ठेवायची. थर्मोकपल फक्त दोन टोकांमधला फरक सांगतो, दुसऱ्या टोकाचं तापमान ती चिप स्वतःवरून धरते, डबी उन्हात एका बाजूने तापली की तो हिशोब बिघडतो. एप्रिलमध्ये दुपारी मला यामुळे चार डिग्रीचा फटका बसत होता.

तयार मिळतात त्या वायरलेस सेटमध्ये बहुतेक थर्मिस्टर असतात, गरम झाले की त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो. ते घेतले तरी काही वाईट नाही, अचूकता चांगली असते. पण त्यांच्या वायरी निखाऱ्याच्या धगीपासून जपा आणि धुताना नळाखाली धरू नका, ओल्या फडक्याने पुसा. दांड्यात आणि वायरीच्या सांध्यात पाणी गेलं की प्रोब काहीही सांगायला लागतो.

एवढं झालं हवेचं. मांसाचं तापमान वेगळं, आणि शेवटी खायचं ते मांस. कोंबडीसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याचा आकडा ७४ डिग्री आहे, मी तोच पाळतो आणि मांडीच्या आत, हाडाला न लावता बघतो. हाडाला टोक लागलं की भलताच आकडा येतो. एकाच ठिकाणी बघून समाधान मानायचं नाही, तीन-चार जागी टोचायचं आणि सगळ्यात कमी आकडा खरा धरायचा. आणि ४ ते ६० डिग्रीमध्ये जंतू वाढतात, म्हणून मांस या पट्ट्यात ताटकळत ठेवायचं नाही, जाळीवर ९० च्या खाली तापमान घेऊन तासन्तास धूर देत बसणं हा शहाणपणा नाही. डिसेंबरात आमच्याकडे नेमकं त्याच बाजूला चाललं होतं सगळं, आणि घरात ऐंशीच्या पुढची दोन माणसं जेवायला होती. ते आठवलं की अजून अस्वस्थ वाटतं.

बोकडाची मांडी वेगळी गोष्ट आहे. ती शिजली की खाण्याजोगी होते पण मऊ व्हायला तिच्यातलं कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हावं लागतं, त्यासाठी मी आतलं तापमान ९० च्या पुढे नेतो आणि तेही सावकाश. पहिल्यांदा पावणेदोन किलोची मांडी लावली, सकाळी साडेनऊला, नुसतं मीठ, मिरी आणि आलं-लसूण चोळून. फोनवर आलेख बघत होतो. २५, ४०, ५५, छान चढत होता, ६७ ला आला आणि थांबला. अर्धा तास ६७. पाऊण तासाने ६८. जाळीवर ११५ आहे, निखारे लाल आहेत, आणि मांस जागचं हलायला तयार नाही. मला वाटलं प्रोब गेला. दुसरा टोचला, तोही ६८. मग मी जी चूक केली ती सगळेच करतात, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, तासाभरात जाळी १५० वर, बाहेरचा थर कडक झाला.

पुढे वाचल्यावर कळलं की याला स्टॉल म्हणतात, टेक्सासवाल्यांच्या ब्रिस्केटला (गोमांसातला छातीचा मोठा तुकडा) हा ६५ ते ७५ च्या दरम्यान तासन्तास येतो. कारण आपल्या घरात कोपऱ्यात उभं आहे. माठ! माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, वाळतं, वाळताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार राहतं. मांस तापलं की त्यातून रस बाहेर येतो, पृष्ठभागावर वाळतो, आणि निखारे जेवढी उष्णता देतात तेवढीच त्या वाळण्यात खर्च होते. ग्रेग ब्लाँडर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने हे दाखवायला ओला स्पंज आणि चरबीचा गोळा असे दोन्ही तापवून बघितले, स्पंज अडकला, चरबी अडकली नाही. मी पण स्पंज भिजवून प्रोब खुपसून जाळीवर ठेवला, आणि हुबेहूब तसाच सपाट आलेख आला, सुकत आला तसा परत चढायला लागला. त्या दिवशी मी मटण नाही लावलं, नुसता स्पंज बघत बसलो दोन तास, आणि माझ्यासाठी हा सगळ्या उद्योगातला सगळ्यात चांगला दिवस होता.

आता उपाय सोपा आहे. आलेख सपाट झाला आणि रंग मनासारखा आला असेल तर मांडी केळीच्या पानात गुंडाळायची, वरून घट्ट फॉइल. वाळणं बंद, चढणं सुरू. न गुंडाळता थांबलात तरी ती वर येतेच, फक्त वेळ द्यावा लागतो आणि वरचा थर जास्त खमंग होतो. मला गुंडाळलेली आवडते, भाच्याला न गुंडाळलेली.

आगीबद्दल थोडं. लोणारी कोळसा, बाभळीचा, आणि धुरासाठी आंब्याची किंवा पेरूची वाळलेली चार ढलपी. कोळशाचं तापमान म्हणजे हवेचं गणित आहे, वरची भोकं कायम उघडी आणि खालून व्हॉल्व्हने नियंत्रण. व्हॉल्व्ह हलवल्यावर परिणाम दिसायला माझ्या पिंपात दहा-बारा मिनिटं लागतात, म्हणून आकडा बघून लगेच परत हात लावायचा नाही. चढवणं सोपं, उतरवणं अवघड, त्यामुळे ११५ हवं असेल तर १०० लाच व्हॉल्व्ह निम्मा करायचा. आणि झाकण उघडण्याचा आलेख तर प्रत्येकाने बघायलाच हवा. चाळीस सेकंद उघडलं, ११६ वरून ७८, आणि बंद केल्यावर तिथे न थांबता १३१ पर्यंत वर, कारण मधल्या चाळीस सेकंदांत निखाऱ्यांनी पोटभर हवा खाल्ली. परत जागेवर यायला पंचवीस मिनिटं. म्हणून सारखं उघडून बघणाऱ्या पाहुण्यांना मी आता फोनवरचा आलेखच हातात देतो. पंखा आणि पीआयडी (तापमान बघून पंखा कमी-जास्त करणारा कंट्रोलर) लावून हे सगळं आपोआप होतं, शॉपमधल्या भट्ट्या तशाच चालतात, पण घरी मला एवढ्यात लावायचा नाहीये, हाताने अजून शिकतोय. पावसाळ्यात कोळसा दमट असतो, धूर पांढरा आणि कडवट येतो, तो पातळ होईपर्यंत मांस लावायचंच नाही, याला कुठला सेन्सर नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं.

आणि हे कळकळीने सांगतो, पार्किंगमध्ये, शेडमध्ये, बाल्कनी बंद करून असलं काही पेटवू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. उघडं अंगण नसेल तर गावाकडे जाऊन करा.

फेब्रुवारीत अलिबागहून मामा आला होता. पोपटी लावण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही, भांबुर्ड्याचा पाला मडक्यात कोंबून, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, आणि मडकं उलटं करून भोवती आग. झालं की नाही हे तो मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारून आवाजावरून सांगतो. त्याने माझी डबी, वायरी, बटाटा, सगळं निरखून बघितलं आणि मग तांब्यातून पाणी घेऊन जाळीच्या उंचीवर पिंपाच्या अंगावर शिंतोडा मारला. कान लावून उभा राहिला. म्हणाला, इकडची बाजू जास्त आहे रे तुझी. व्हॉल्व्हची बाजू. मी त्याला सर्व्हेचा कागद आणून दाखवला, त्याने चष्मा लावून नऊच्या नऊ आकडे वाचले आणि विचारलं, हे एवढं लिहून ठेवलंस तर मग मडक्यात पण घालता येईल का तुझी ही तार?

मी म्हटलं मामा, येईल की, के-टाइप आहे, मडक्याच्या आगीला पण टिकेल, इन्सुलेशन फक्त फायबरग्लासचं घ्यावं लागेल आणि टोक शेंगांच्या मधोमध, मडक्याला न टेकता. त्याने मान हलवली. पुढच्या थंडीत वाल आले की अलिबागला जायचंय, तापकीर गल्लीतून दोन मीटरचे फायबरग्लासवाले दोन थर्मोकपल आणून ठेवलेत.